संगणकशास्त्राचे चार उत्तम ग्रंथ

शाळा सोडून संगणकशास्त्राकडे वळलेले आमचे विद्यार्थी सुटींत भेटावयास येतात, तेव्हां कोणतें पुस्तक घ्यावें, हा प्रश्न हटकून विचारतात. त्यांच्यापैकीं पुष्कळांच्या घरीं संगणक नसतो, आणि म्हणून हें शास्त्र आपल्यासाठीं नव्हे, अशी भीति त्यांच्या मनांत दडलेली असते. ती भीति निराधार आहे, हें सांगण्यासाठींच आम्ही हा लेख लिहीत आहों.

आम्ही महाविद्यालयांत असतांना आठवड्यास एकच तास संगणकापुढें बसावयास मिळे, आणि एका यंत्रापुढें आम्ही तिघेजण असूं. उरलेले दिवस ग्रंथालयांतील एका जुन्या प्रतीवर काढावे लागत. ती प्रत ब्रायन कर्निहन व डेनिस रिची यांच्या 'दि सी प्रोग्रॅमिंग लँग्वेज' या ग्रंथाची. तो १९७८ सालीं प्रथम प्रसिद्ध झाला. रिची हे 'सी' भाषेचे स्वतः जनक. तरी ग्रंथ तीनशें पानांच्या आंत आटोपला आहे. त्यांतील आज्ञावल्या आम्ही वहींत उतरून घेत असूं, आणि प्रत्येक ओळीनंतर कोणत्या चलाची किंमत काय होते, तें पेन्सिलीनें मांडीत असूं. यंत्राचें काम असें हातानें केल्यामुळें, तास मिळे तेव्हां यंत्रास काय विचारावयाचें, हें आम्हांस नेमकें ठाऊक असे. आरंभ करणारानें हाच ग्रंथ प्रथम घ्यावा.

दुसरा ग्रंथ एबेलसन व ससमन यांचा 'स्ट्रक्चर अँड इंटरप्रिटेशन ऑफ कॉम्प्युटर प्रोग्रॅम्स'. हा १९८५ सालीं अमेरिकेंतील एम्. आय्. टी. या संस्थेंतील अध्यापनांतून निघाला. 'स्कीम' नांवाच्या छोट्या भाषेच्या साहाय्यानें, मोठें काम लहान भागांत कसें वांटावें व कोणता तपशील कोठें झांकून ठेवावा, हें तो शिकवितो. त्याची दुसरी आवृत्ति इंटरनेटवर विनामूल्य मिळते. वडिलांच्या मोबाइलवरही ती वाचतां येईल.

तिसरा 'इंट्रोडक्शन टु अल्गोरिदम्स'. कॉर्मेन, लायसर्सन व रिव्हेस्ट यांनीं तो १९९० सालीं प्रसिद्ध केला. पुढें स्टाइन हेही त्यांस मिळाले. हजाराहून अधिक पानें पाहून घाबरूं नये. आरंभींचें क्रम लावण्याचें प्रकरण तेवढें वाचावें. एक हजार संख्या एका रीतीनें क्रमानें लावितांना सुमारें पांच लाख तुलना कराव्या लागूं शकतात; दुसऱ्या रीतीनें तेंच काम दहा हजारांच्या आंत होतें. यंत्र तेंच, विचार निराळा, आणि फरक एवढा!

चौथा डोनाल्ड कनूथ यांचा 'दि आर्ट ऑफ कॉम्प्युटर प्रोग्रॅमिंग'. पहिला खंड १९६८ सालीं निघाला, आणि ग्रंथ अद्याप पुरा झालेला नाहीं. ग्रंथांतील नवी चूक प्रथम दाखविणारास दोन डॉलर छपन्न सेंट बक्षीस देण्याची कनूथ यांची प्रथा प्रसिद्ध आहे. ग्रंथ कठीण खरा. पण त्याचा आरंभ युक्लिडच्या मसावि काढण्याच्या रीतीनें होतो. ८४ ला ३६ नें भागा, बाकी १२; ३६ ला १२ नें भागा, बाकी शून्य; म्हणून मसावि १२. हें गणित आमच्या शाळेंतील लहान मुलेंही पाटीवर करूं शकतात.

हल्लीं यंत्र स्वतःच आज्ञावली लिहून देतें. मग हा खटाटोप कशास, असें कोणी विचारील. परंतु दिलेलें उत्तर बरोबर कीं चूक, हें ओळखणारा कोणी तरी हवाच, आणि ती पारख उत्तरें उतरून घेऊन येत नाहीं. विद्यार्थिमित्रहो, इंग्रजीची धास्ती घेऊं नका. या ग्रंथांत तेच ते शब्द वारंवार येतात. त्यांची एक वही करा. दोघांतिघांत मिळून एक जुनी प्रत विकत घ्या, आठवड्यास थोडीं पानें वाचा, आणि प्रकरणाअखेरचा अभ्यास सोडविल्याविना पुढें जाऊं नका. कोठें अडलें तर वही घेऊन आमच्याकडे या. आपण मिळून पाहूं.