आभाराचें भाषण

वसमत तालुक्यांतील कुरुंदा हें आमचें गांव. नरहर कुरुंदकरांच्या आडनांवामुळें त्याचें नांव व्याख्यानप्रिय मंडळींच्या कानांवरून गेलेलें असतें. माझे काका शिक्षक होते आणि व्याख्यानें ऐकण्याचें त्यांस वेड होतें. १० फेब्रुवारी १९८२ रोजीं कुरुंदकर पन्नाशीहि न गांठतां गेले, तेव्हां काका दिवसभर कोणाशीं बोलले नाहींत. त्यानंतर वसमत, नांदेड, परभणी, जेथें म्हणून शिक्षक-परिषद वा व्याख्यानमाला असेल, तेथें ते टेपरेकॉर्डर घेऊन जाऊं लागले. माणूस जातो, निदान त्याची वाणी राहावी, एवढाच त्यांचा हेतु.

काकांच्या पश्चात् माडीवरील पेटींत ८३ कॅसेटी निघाल्या. बहुतेक ९० मिनिटांच्या, म्हणजे दर बाजूस ४५ मिनिटें. फितीवरील चुंबकीय लेप कालांतरानें खराब होतो, दमट हवेनें तीस बुरशी धरते आणि ती वाजविणारें यंत्रहि आतां सहसा मिळत नाहीं. म्हणून मीं तीं सर्व भाषणें संगणकांत उतरवून घेण्याचें ठरविलें. या कामीं घाई चालत नाहीं; ४५ मिनिटांची बाजू उतरण्यास ४५ मिनिटें द्यावींच लागतात. दिवाळीपासून हळद शिजविण्याच्या दिवसांपर्यंत हें काम पुरलें.

पुढें त्या दीडशेंहून अधिक फाइलींची व्यवस्था लावणें आलें. हातानें करूं म्हटलें तर चुका ठरलेल्या. म्हणून पायथन नांवाच्या संगणकीय भाषेंत मीं लहान लहान आज्ञावल्या लिहिल्या. पहिली आज्ञावली काकांच्या वहींतील नोंदींवरून प्रत्येक फाइलीस नांव देई: आधीं वर्ष, मग महिना, मग दिवस, त्यामागून स्थळ व वक्ता. असें केल्यानें यादी लावतांच कालक्रम आपोआप जुळतो. दुसरी प्रत्येक फाइलीचा ६४ अक्षरांचा ठसा काढून ठेवी. फाइलींत तिळमात्र फरक पडला तरी ठसा बदलतो व बिघाड कळून येतो. तिसरीवर माझा विशेष लोभ होता. भाषणानंतर वीस सेकंदांहून अधिक शांतता आढळली, कीं तेथून पुढचा सर्व भाग ती छाटून टाकी.

एके सायंकाळीं १९८६ सालचें वसमतचें एक व्याख्यान मीं काकूंस ऐकविलें. काकूंचें वय ८४. दृष्टि अधू, परंतु कान तिखट. टाळ्या थांबल्या, आवाज थांबला. काकू म्हणाल्या, "अरे, आभार कुठं गेले? त्या दिवशी आभार ह्यांनीच मानले होते."

मीं चपापलों. सुदैवानें छाटाछाट केवळ प्रतींवर करावी, मूळ फाइलींस हात लावूं नये, एवढी सावधगिरी मीं ठेविली होती. मूळ फाइल लावली. टाळ्यांनंतर अर्धा मिनिट कांहींच नाहीं. दूरवर कोणी खोकलें, एवढेंच. मग काकांचा आवाज आला. तो अर्धा मिनिट म्हणजे टेपरेकॉर्डरपासून व्यासपीठापर्यंत काकांचें चालणें होतें! माझ्या आज्ञावलीस तें रिकामें वाटलें.

काकांनीं वक्त्यांचे आभार मानले, मंडप देणाऱ्यांचे मानले, सतरंज्या देणाऱ्यांचे मानले, आणि शेवटीं, "ज्या घरांतून चहा आला त्या घरांचे." काकू हंसल्या व डोळ्यांस पदर लावून म्हणाल्या, "चहा माझाच होता. नांव नाही घेतलं."

ती तिसरी आज्ञावली मीं त्याच रात्रीं काढून टाकली. यादींत मात्र ‘आभार’ असा एक रकाना वाढविला व त्यांत काकूंचें नांव लिहिलें.

आतां १९ कॅसेटी अशा आहेत, कीं ज्यांवर ना तारीख, ना वक्ता. काकांची वहीहि तेथें मुकी. संगणक त्यांस क्रमांक देईल. तो आवाज कोणाचा, हें आमच्या घरांत एकट्या काकूंस ठाऊक आहे. रोज सायंकाळीं दिवेलागणीनंतर आम्ही एक कॅसेट ऐकतों, त्या सांगतात, मी लिहितों. आतांपर्यंत सातांची ओळख पटली. बारा उरल्या आहेत, आणि काकू हल्लीं लवकर थकतात.

वाचकहो, आपल्याहि माडीवर अशी एखादी पेटी असेल. यंत्र पुढल्या वर्षीं घेतलें तरी चालेल. ओळखणारें माणूस घरांत आहे, तोंवर नांवें तेवढीं लिहून घ्या.