तिसरे युद्ध

मी राहतो नागपुरातल्या सदर भागात. छावणीच्या कडेने वसणाऱ्या बाजाराला इंग्रजी अमदानीत ‘सदर बाजार’ म्हणत. आमच्या बोलण्यातून त्यातला बाजार गळाला आणि नुसते सदर उरले. इथल्या हमरस्त्याला लोक अजूनही रेसिडेन्सी रोडच म्हणतात. त्या रस्त्याने रोज भाजी आणायला जाणाऱ्या माणसाला रोम आणि कार्थेज यांच्या युद्धांचा नाद असावा, हा आमच्या घरी थट्टेचा विषय आहे. ताट वाढून झाले, की “तुमच्या हॅनिबलला म्हणावं, आता जरा थांब,” अशी हाक स्वयंपाकघरातून येते.

ही युद्धे तीन. सगळ्यांना आवडते ते दुसरे. इ. स. पूर्व 218 मध्ये हॅनिबल हत्ती घेऊन आल्प्स ओलांडतो, 216 मध्ये कॅनीच्या मैदानावर रोमन सैन्याची धूळधाण उडवतो. हे वाचताना कोणाचे रक्त सळसळणार नाही? तरुणपणी मीही तेच वाचीत असे. वय वाढले तसे मन तिसऱ्या युद्धाकडे ओढ घेऊ लागले. त्यात हॅनिबल नाही. आहे तो एक कागद.

झामाच्या पराभवानंतर 201 साली कार्थेजने तह केला. हत्ती द्यायचे, दहा सोडून बाकी सगळी लढाऊ जहाजे द्यायची, 50 वर्षांत 10,000 टॅलेंट खंडणी भरायची. या अटी जड खऱ्या, पण कार्थेज व्यापाऱ्यांचे शहर. त्याने पैसा फेडला. मारक ठरले ते निराळेच कलम : रोमच्या परवानगीवाचून कोणाशी लढायचे नाही. शेजारचा मासिनिसा मुलूख कुरतडू लागला. तक्रार रोमकडे जाई आणि निवाडा बहुधा मासिनिसाच्या बाजूने होई. अखेर कार्थेजने शस्त्र उचलले, आणि तोच तहभंग ठरला! रोमने आधी 300 मुले ओलीस मागितली, दिली. मग शस्त्रे मागितली, दिली. मग सांगितले, आता शहर सोडा आणि समुद्रापासून दहा मैल आत जाऊन राहा. तेव्हा कुठे ते लोक पेटून उठले, तीन वर्षे झुंजले, आणि 146 मध्ये शहर जळाले.

आता आमच्या घराजवळची गोष्ट. 1816 साली आप्पासाहेब भोसल्यांनी कंपनीची तैनाती फौज स्वीकारली. फौज आली, तिच्यामागून पराधीनता आली. 24 नोव्हेंबर 1817 रोजी त्यांनी पेशव्यांकडून आलेली सेनासाहेबसुभा या पदाची वस्त्रे दरबारात स्वीकारली. घराण्याचा जुनाच मान. पण पेशवे तेव्हा इंग्रजांशी लढत होते, आणि रेसिडेंट जेंकिन्स याला ते वैर वाटले. 26 च्या संध्याकाळी सीताबर्डीच्या टेकड्यांवर तोफा सुरू झाल्या. भोसल्यांच्या अरबांनी धाकटी टेकडी घेतलीसुद्धा. 27 ला दुपारपर्यंत ती परत गेली, आणि सगळेच गेले.

आप्पासाहेब हॅनिबल नव्हते. परसोजी भोसल्यांच्या मृत्यूचा डाग त्यांच्या नावावर आहे, आणि त्या दोन दिवसांत त्यांचे मन एका जागी ठरलेले दिसत नाही. पण मला टोचते ते वेगळेच. टेकडीवर कंपनीसाठी लढणारे बहुतेक शिपाई मद्रासेकडचे, घोडेस्वार बंगालच्या फौजेतले, म्हणजे आपलेच. झामाला रोमचे पारडे जड केले तेही मासिनिसाच्या आफ्रिकी घोडेस्वारांनी, आणि तो मासिनिसा एके काळी कार्थेजच्याच बाजूने लढलेला! साम्राज्याला स्वतःचे रक्त फार सांडावे लागत नाही. शेजाऱ्याचा शेजाऱ्यावरचा राग त्याच्या कामी येतो.

आणि मग कथा सांगायलाही जेताच उरतो. कार्थेजचे ग्रंथ गेले. मागोचा शेतीवरचा ग्रंथ तेवढा रोमने आपल्या भाषेत करून घेतला, कारण तो उपयोगी होता. जेंकिन्सनेही नागपूर राज्यावर मोठा अहवाल लिहिला, 1827 मध्ये तो छापला गेला. आमच्या आजोबा-पणजोबांच्या गावांची माहिती आम्ही आजही त्यात शोधतो. मी तो अहवाल कृतज्ञतेने वाचतो, आणि त्या कृतज्ञतेची मला थोडी लाजही वाटते.

कार्थेजच्या भूमीत रोमनांनी मीठ पेरले, असे सांगतात. जुन्या लेखकांत याला आधार नाही; ती फार नंतरची भर आहे. मीठ पेरायची गरजच काय होती? कागद पुरेसा होता. नागपूरचे तिसरे युद्ध तर एकही तोफ न उडता झाले. डिसेंबर 1853 मध्ये तिसरे रघूजी पुत्राविना वारले. राण्यांचे दत्तविधान डलहौसीने मानले नाही, आणि 1854 मध्ये राज्य खालसा झाले. वाड्यातले जडजवाहीर कलकत्त्याला गेले. भोसल्यांचे हत्ती, घोडे, बैल लिलावात निघाले. कार्थेजचे हत्ती निदान हरलेल्या लढाईनंतर गेले होते; आमचे बोली लावून विकले गेले.