तात्यांचा निकाल

राजुरीत सकाळी डेअरीवर दुधाच्या रांगेत सिनेमाचं बोलणं निघालं, की शेवटचा निकाल तात्या द्यायचे. तात्या म्हणजे माझे धाकटे चुलते. गेल्या पौषात ते गेले. दहाव्याला जमलेल्या माणसांनी त्यांच्या शेतीबद्दल, शब्दाला जागण्याबद्दल, बैलांच्या पारखीबद्दल बोलून घेतलं. सिनेमाचं कुणी काढलं नाही. ते राहून गेलं याची मला रुखरुख लागली आहे, म्हणून लिहिते.

आमचं गाव आळेफाट्याहून बेल्ह्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर. दुधाचं आणि कांद्याचं गाव. सिनेमा बघायचा तर जत्रेतला तंबू गाठायचा, नाहीतर थेट पुणं. तात्यांनी दोन्ही केलं. रात्री कांदा भरून गाडी गुलटेकडीच्या मार्केट यार्डात न्यायची, सकाळी लिलाव उरकायचा, अडत्याकडून पट्टी घ्यायची आणि दुपारचा खेळ बघून संध्याकाळच्या एसटीनं परत यायचं. पट्टी बरी आली तर बाल्कनी, भाव पडले तर खाली पुढची रांग. पण खेळ चुकला नाही. 'अलका', 'विजय', 'प्रभात' ही नावं मला शाळेत जायच्या आधीपासून पाठ होती. १९३४ साली सुरू झालेल्या थिएटरचं 'प्रभात' हे नाव २०१४ च्या अखेरीस उतरलं, त्या बातमीचं कात्रण त्यांनी सोसायटीच्या पासबुकात जपून ठेवलं होतं.

परत आले की दुसऱ्या दिवशी गोठ्यात धार काढता काढता सिनेमा सुरू व्हायचा. तंबूत बाया बसायच्या, मधे कनात असायची, पण वयात आलेल्या पोरीला रात्रीच्या खेळाला पाठवायची आमच्या घरची रीत नव्हती. मी आणि माझी चुलती, आम्ही दोघींनी कितीतरी सिनेमे म्हशींच्या मधे उभं राहून 'पाहिले'. पहिल्या रिळापासून, मारामारीसकट, कुठे पट्टी तुटली आणि शिट्ट्या पडल्या तेही सांगून. पुढे टीव्हीवर तेच सिनेमे लागले, तेव्हा काही ठिकाणी तात्यांचं सांगणं मला जास्त आवडलं होतं.

त्यांची पारख कामातून आलेली. नायकानं नांगराची मूठ कशी धरली, कासरा ओढताना त्याच्या खांद्याला ओढ बसली का, पेंढी बांधताना पीळ कुणीकडून दिला, इकडे त्यांचं लक्ष. एकदा कुठल्याशा सिनेमात नायिका गाणं म्हणत गाईखाली बसली आणि चरवी भरली. तात्या डेअरीवर चिडूनच आले होते. "वासराला तोंड लावू दिलं न्हाई, कास धुतली न्हाई, गाय पान्हवली कशी? आन् ही बाई धार काढतीया का घंटी वाजवतीया?" रांगेतल्या सगळ्यांना पटलं. ज्याला रोज फॅट आणि डिग्री लावून दूध मोजून घ्यावं लागतं, त्याला खोटी धार कशी खपावी? त्या सिनेमाला आमच्या रांगेत नंतर कुणी चांगलं म्हणालं नाही.

निळू फुल्यांवरून मात्र वाद व्हायचे. बाया त्यांना शिव्या घालायच्या, पडद्यावर आले की बोटं मोडायच्या. तात्या सांगायचे, तो माणूस पुण्यात लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम करायचा, सेवा दलात वाढला. "हाताला माती लागल्याला माणूस हाय तो. पाटील कसा बसतो, ते खाली बसून बघितलंय त्यानं." 'सामना' १९७५ चा. साखर कारखाना, त्याच्या जिवावर चालणारं राजकारण, गावातून नाहीसा झालेला माणूस आणि त्याच्याविषयी पुन्हा पुन्हा विचारणारा दारुडा मास्तर. ऊसपट्ट्यातल्या माणसाला तो समजावून सांगावा लागत नाही. तरीही तात्या तो दर वेळी नव्यानं सांगायचे, आणि फुल्यांच्या हिंदुराव पाटलाचं मन कुठे डळमळतं ती जागा नेमकी दाखवायचे. १३ जुलै २००९ ला फुले गेले. डेअरीवर दुसरा विषय नव्हता. शिव्या घालणाऱ्या बायांनीच डोळ्यांना पदर लावले, असं चुलतीनं मला फोनवर सांगितलं.

तोवर मी लग्न होऊन ठाण्याला आले होते. रविवारी फोन असायचा. पाऊसपाणी, कांदा चाळीत आहे की काढला, आणि मग, "काय बघितलंस?" मी बघितलेलं सांगायची, ते त्यांचं सांगायचे. २०१६ च्या उन्हाळ्यात पोरांनी त्यांना 'सैराट'ला नेलं. भावकीतली तरणी पोरं शेवटावर नाराज होती. नायक-नायिकेला जगवायला हवं होतं म्हणत होती. तात्या म्हणाले, "जगवलं असतं तर पिच्चर खोटा झाला असता. आपल्याकडं काय होतं, म्हाईत न्हाई का?" शेवटी सगळा आवाज बंद होतो, त्या जागेवर ते बराच वेळ बोलले. आणि आर्चीच्या ट्रॅक्टरवर. "क्लच कसा सोडला, बघितलंस? बसवलेली न्हाई, चालवणारी पोरगी हाय."

आता गावात ती रांग तशी उभी राहत नाही. दूध घालून जो तो निघतो. रात्रीचं बाहेर पडणंही आटलं. ऊस वाढला, उसात बिबट्या आला. माणिकडोहला त्याच्यासाठी निवारा केंद्र आहे, पण अंधार पडला की वस्तीवरून गावात यायला माणूस धजत नाही. सिनेमे पोरं बघतातच, आमच्यापेक्षा पुष्कळ जास्त बघतात. मला त्यांच्याविषयी तक्रार नाही. माझ्याशी भांडणारं माणूस गेलं, हे माझं दुःख आहे.

कारण आमचं एक भांडण मिटलेलंच नाही. 'पिंजरा', १९७२, शांतारामबापूंचा. आदर्श मास्तर चंद्रकला या तमासगिरणीच्या नादी लागतो, तो मेला असं समजून गाव त्याचा पुतळा उभारतं, आणि अखेर तो स्वतःच्याच खुनाच्या आरोपावरून मुकाट फासावर जातो. तात्यांच्या मते मास्तर बरोबर. "पुतळा मोडला असता तर गाव कशाकडं बघून चाललं असतं?" मी म्हणायची, आणि चंद्रकलेचं काय? बाईनं पुरुषाला बिघडवलं, एवढंच सांगायला ती आहे का?

हे मी त्यांनाच विचारायची, कारण विठाबाई मला त्यांनीच सांगितली होती. नारायणगाव आमच्या हाताशी. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांचा फड त्यांनी जत्रेत डोळ्यांनी पाहिलेला. भरल्या दिवसांची बाई बोर्डावर नाचली, कळा आल्या तशी आत गेली, बाळंत झाली, दगडानं नाळ तोडली आणि पुन्हा बोर्डावर उभी राहिली, ही गोष्ट आमच्याकडे घराघरांत सांगतात. तात्या सांगताना त्यांचा आवाज जड व्हायचा. राष्ट्रपतींचा सन्मान दोनदा मिळालेली ही बाई २००२ साली हलाखीतच गेली. ज्यानं हे पाहिलं, त्याला फडातली बाई म्हणजे नुसता मोह कशी वाटावी?

तात्या म्हणायचे, "तू फड बघितला न्हाईस, पोरी." मी म्हणायची, "तुम्ही बघू दिला नाहीत." यावर ते थोडा वेळ गप्प आणि मग, "पिच्चर बाईचा न्हाईच. गावाचा हाय. गावाला देव लागतो, मग तो खोटा का असंना."

ते गेल्यावर मी 'पिंजरा' पुन्हा पाहिला, त्यांच्या बाजूनं बघायचं ठरवून. डॉ. लागूंचा मास्तर पुतळ्यासमोर उभा राहतो, तिथे तात्यांचं म्हणणं खरं वाटलं. चंद्रकला झालेल्या संध्याबाईंकडे पाहिलं की पुन्हा माझंच खरं वाटलं. चंद्रकलेवर त्या सिनेमात अन्याय झाला आहे, हे माझं मत कायम आहे. तात्यांचं वर दिलंच आहे. तुम्ही 'पिंजरा' बघितला नसेल तर बघा, आणि कुणाची बाजू घेता ते मला कळवा.