बाबांची सतरंजी

मार्चमध्ये रिपोर्ट आला: एचबीएवनसी ६.१. साडेसहापासून मधुमेह धरतात. म्हणजे मी उंबरठ्यावर. दुसऱ्या दिवशी माळ्यावरून बाबांची निळी सतरंजी काढून हॉलमध्ये अंथरली.

पहिल्या दिवशी चार सूर्यनमस्कारांतच धाप लागली. आता बारा होतात, सावकाश, श्वास सांभाळत. औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींनी आपल्या संस्थानातल्या शाळांतून नमस्कार रुजवले. बाबांना ते त्यांच्या मास्तरांकडून मिळाले. माझं बाबांकडून शिकायचं राहूनच गेलं. पहाटे अर्धवट झोपेत त्यांचा श्वास तेवढा ऐकू यायचा.

जेवणात फार उलथापालथ केली नाही. भाताची मूद लहान झाली, मटकीची उसळ वाढली, रात्रीचं ताट आठच्या आत. खरी भूक मात्र कित्येक वर्षांनी भेटली. तिची वाट पाहणं मला आवडू लागलंय.

सतरंजीचे धागे दोन जागी विरलेत, बाबांचे तळहात टेकायचे तिथे. माझे हात थोडे आत पडतात. आज मुद्दाम त्या जागांवर ठेवून पाहिले. खांदे ताणले गेले, तरी तसेच ठेवले.

जूनमध्ये पुन्हा तपासणी. सतरंजी धुवायला झालीय. अजून धुतली नाही.