पाच बाद अठरा

पहिली दोन प्रकरणे वाचून कादंबरीवर मत देऊ नये, असे आम्ही एम.ए.च्या वर्गात सांगतो. रणजी करंडकाच्या बाबतीत मात्र हा संयम आम्हांला कधीच पाळता आलेला नाही. ऑक्टोबर २०२५मध्ये महाराष्ट्राचे पहिले दोन सामने झाले, आणि आमच्या स्टाफरूममध्ये त्यांवर जेवढी चर्चा झाली तेवढी अभ्यासक्रमाच्या पुनर्रचनेवरही झाली नसेल. त्या चर्चेतला मूळ प्रश्न धावांचा नव्हता. ज्याला आपण 'आपला संघ' म्हणतो तो नेमका कशाने आपला होतो, हा होता.

नाशिककरांसाठी हा प्रश्न थोडा अधिक गुंतागुंतीचा आहे. महाराष्ट्र राज्याचे रणजीत तीन संघ: मुंबई, विदर्भ आणि महाराष्ट्र. नाशिक तिसऱ्यात मोडते. पण अंतराने आणि रोजच्या व्यवहाराने मुंबई आम्हांला जवळची, त्यामुळे वर्तमानपत्रांतून मुंबईच्या विजेतेपदांच्या बातम्या वाचतच आमची पिढी वाढली. महाराष्ट्राने करंडक जिंकला तो १९३९-४० आणि १९४०-४१ या लागोपाठच्या दोन हंगामांत, संस्कृतचे प्राध्यापक दि. ब. देवधर यांच्या नेतृत्वाखाली. त्यानंतर १९७०-७१, १९९२-९३ आणि २०१३-१४ साली संघ अंतिम सामन्यापर्यंत गेला आणि हरला. अशा संघावर निष्ठा ठेवणे ही सवयीपेक्षा निवडीची गोष्ट असते.

२०२५-२६च्या हंगामात या संघात पृथ्वी शॉ मुंबईहून आला, तर जलज सक्सेना मध्य प्रदेश आणि केरळ असा प्रवास करून आला. विदर्भाला २०१७-१८च्या अंतिम सामन्यात हॅट्ट्रिक मिळवून देणारा रजनीश गुरबानी त्याआधीच्या हंगामापासून महाराष्ट्राकडे होता. आमच्यातल्या काहींचा आक्षेप असा, की उसनवारीवर संघ उभा राहत असेल तर स्थानिक मुलांनी मैदानावर घाम गाळायचा कशासाठी? आक्षेप बिनबुडाचा नाही. प्रत्येक आलेल्या खेळाडूमागे एक जागा न मिळालेला खेळाडू असतो, आणि धावफलकात त्याचे नाव कुठेच येत नाही.

पहिला सामना तिरुवनंतपुरमला, केरळविरुद्ध. महाराष्ट्राचे पहिले चारही फलंदाज, कर्णधार अंकित बावणेसह, शून्यावर बाद झाले. धावफलक ५ बाद १८. येथून ऋतुराज गायकवाडने ९१ आणि सक्सेनाने ४९ धावा करत शतकी भागीदारी रचली. पुढे विकी ओस्तवाल आणि रामकृष्ण घोष यांनीही हातभार लावला आणि डाव २३९पर्यंत गेला. केरळ २१९वर सर्वबाद झाला. आघाडी वीसच धावांची; पण अनिर्णित सामन्यात पहिल्या डावातील आघाडीला तीन गुण आणि पिछाडीला एक, हे रणजीचे गणित ज्याला ठाऊक आहे त्याला त्या वीस धावांचे मोल सांगावे लागत नाही.

सक्सेना हा डाव खेळत होता तो आपल्याच जुन्या संघाविरुद्ध, आणि गायकवाडचे शतक नऊ धावांनी हुकले. तरीही या दोन डावांना आम्ही हंगामारंभीचे सर्वोत्तम पान मानतो.

दुसऱ्या सामन्यात चंडीगढमध्ये सर्वांच्या लक्षात राहिले ते शॉचे १५६ चेंडूंतील २२२. ती खेळी देखणी होती, यात वाद नाही. परंतु सामना त्याआधीच वळला होता: गायकवाडच्या ११६ धावांमुळे उभे राहिलेले ३१३, आणि ओस्तवालच्या सहा बळींमुळे मिळालेली १०४ धावांची आघाडी. शॉने त्या पायावर मजला चढवला. विजय १४४ धावांनी झाला, तरी शेवटच्या डावात अर्जुन आझादने १६८ धावा केल्या आणि चंडीगढने ३१९पर्यंत मजल मारली, ही नोंद विजयाच्या आनंदात पुसली जाऊ नये. खेळपट्टीवर ठाण मांडलेल्या फलंदाजाला उखडणे हे करंडक जिंकणाऱ्या संघाचे लक्षण. ते अजून दिसायचे होते. शिवाय दोन्ही सामन्यांत पहिल्या डावाचा भार एकट्या गायकवाडवर पडला, हेही विसरता येत नाही.

दोन सामन्यांतून नऊ गुण. आकडा चांगलाच, पण आकड्यांचा अनुभव नाशिकला आहे. जानेवारी २०२५मध्ये येथील अनंत कान्हेरे मैदानावर महाराष्ट्राने बडोद्याला ४३९ धावांनी हरवले, आणि तरीही त्या हंगामात संघ उपान्त्यपूर्व फेरीत पोहोचला नाही. धावांचे अंतर गुणतक्त्यात उतरत नाही.

आता उसनवारीचा प्रश्न. सांगलीत जन्मलेले विजय हजारे १९३९-४० साली महाराष्ट्राकडून बडोद्याविरुद्ध नाबाद ३१६ धावा करतात आणि पुढे बडोद्याचेच होऊन जातात. डिसेंबर १९४८मध्ये पुण्यात काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३ धावा करणारे भाऊसाहेब निंबाळकर बडोदा, होळकर, राजस्थान, रेल्वे असे कितीतरी संघ फिरले. ब्रॅडमनच्या ४५२पासून ते नऊ धावा दूर असताना प्रतिपक्षाने सामना सोडून दिला. ते दुःख मात्र आजही महाराष्ट्राचेच मानले जाते. या संघाची परंपरा मुळातच येण्याजाण्याची आहे. आणि ज्याचे आडनाव बंगाली आहे तो घोष तर आमच्या नाशिकचा.

जन्मगाव आणि आडनाव या दोन कसोट्या अशा रीतीने बाद होतात. उरते ती एकच: पाच बाद अठरा असताना कोण उभा राहतो. २२२ धावांनी शॉ महाराष्ट्राच्या विक्रमांच्या यादीत आला. सक्सेना मात्र त्या एकोणपन्नास धावांनी आमचा झाला. स्थानिक मुलांच्या जागेचा प्रश्न त्यामुळे सुटत नाही, तो संघटनेला विचारत राहिलाच पाहिजे. पण तो विचारताना सक्सेनाला परका म्हणणे आम्हांला यापुढे जमणार नाही.