खर्जाची तार

घरातली कोणती वस्तू किती दिवसांनी बदलावी, ह्याचे हिशेब आम्हा बायकांच्या मनात पक्के असतात. दात घासायचा ब्रश तीन महिन्यांनी, गॅसची रबरी नळी तिच्यावर छापलेली मुदत भरली की, आणि दारातले पायपुसणे पाहुणे यायच्या आदल्या दिवशी! पण वाद्याच्या तारा किती दिवसांनी बदलाव्या, ह्याचा हिशेब फारच थोड्या घरांत कुणी ठेवत असेल. तुटली की बदलायची, एवढाच तो नियम!

आमच्या पार्ल्याच्या घरात मात्र ह्या प्रश्नावरून चक्क दोन पक्ष पडले होते. एका पक्षात आमची लेक आणि तिची गिटार. दुसऱ्या पक्षात आमचे हे आणि सासूबाईंचा तंबोरा. मी मधल्या खोलीत. म्हणजे दोन्हीकडचे ऐकून घेणारी.

लेकीचे शास्त्र स्पष्ट होते. दर दोन महिन्यांनी ती गिटारच्या सहाही तारा उतरवी आणि नवा संच चढवी. "अगं, चांगल्या धडधाकट तारा आहेत की! तुटली आहे का एक तरी?" असे ह्यांनी म्हणावे आणि तिने उतरवलेली तार त्यांच्या बोटांखालून फिरवावी. "बाबा, खालच्या बाजूने बोट फिरवा. लागतात ना खाचा?" आणि खरोखरच लागत! गिटारच्या दांडीवर धातूचे पडदे असतात. वाजवताना तार त्यांच्यावर दाबली जाते, आणि जिथे रोज दाबली जाते तिथे ती चेपत जाते. शिवाय बोटांचा घाम. घामात मीठ, मिठाने गंज. गिटारच्या दोन बारीक तारा साध्या पोलादी असतात. पण जाड चार तारांच्या पोलादी गाभ्यावर काशाची बारीक तार गुंडाळलेली असते. त्या वेटोळ्यांत घाम, मळ आणि कातडीचा भुगा साठतो. वरून तार धडधाकट दिसते, पण आतून तिचा श्वास कोंडलेला असतो.

आता हा श्वास म्हणजे काय, ते सांगायला हवे. तार छेडली की आपल्याला एकच स्वर ऐकू आला असे वाटते. पण त्या स्वराच्या पोटात दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट अशा कंपनांचे उपस्वर असतात. आवाजातली झळाळी ती ह्या उपस्वरांची. तारेत मळ भरला की सर्वांत आधी मरतात ते हे वरचे, नाजूक उपस्वर. मग तार वाजते, पण घोंगडीखालून वाजल्यासारखी. आणि गंजाने किंवा चेपल्याने तारेचे वजन सगळीकडे सारखे राहिले नाही, म्हणजे हे उपस्वर नेमके दुप्पट-तिप्पट राहत नाहीत. तार कितीही पिळा, सुरात लागतच नाही. शिकणाऱ्याला वाटते आपलाच कान बिघडला!

म्हणून रोज तास-दोन तास वाजवणाऱ्याने महिन्या-दोन महिन्यांनी आणि अधूनमधून वाजवणाऱ्याने सहा महिन्यांनी तारा बदलाव्या, हा लेकीचा हिशेब. ज्याच्या हाताला घाम फार, त्याने आणखी लौकर. नायलॉनच्या तारांना गंज नाही; पण तशा गिटारच्याही जाड तारांवर धातूचे वेटोळे असतेच, आणि त्याच आधी मंदावतात.

ह्यांना आयतेच एक हत्यार मिळाले, तेही लेकीच्याच तोंडून. अमेरिकेत डेट्रॉइटला जेम्स जेमरसन नावाचा एक मोठा बास गिटारवादक होऊन गेला. १९६० च्या दशकात मोटाउन कंपनीच्या कितीतरी गाजलेल्या गाण्यांत त्याची बास गिटार आहे. आणि हा गृहस्थ तार तुटल्याशिवाय बदलत नसे! जुन्या तारेचा तो गोल, दबका आवाजच त्याला हवा असे. "बघ! जुन्या तारेलाही तिचा म्हणून एक आवाज असतो," हे विजयी मुद्रेने म्हणाले.

पण ह्यांच्या मनात बास गिटार नव्हती. त्यांच्या मनात होता कोपऱ्यातला, गवसणीतला तंबोरा.

सासूबाई गाणे शिकवीत. दुपारी चारला आसपासच्या मुली येत, आणि त्याआधी पंधरा मिनिटे आई तंबोरा जुळवीत बसत. हा तंबोरा मिरजेचा. मिरजेची ही कला मोठी नवलाची. तलवारींना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांतले फरीदसाहेब सतारमेकर एकोणिसाव्या शतकात ह्या कामाकडे वळले, आणि हत्यारांचे हात वाद्यांना लागले. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. २०१९ च्या दसऱ्याला आईंनी स्वतःच्या हातांनी ह्या तंबोऱ्यावर चारही तारा नव्या चढवल्या होत्या. पंचमाची आणि जोडाच्या दोन पोलादी, खर्जाची पितळी. २०२१ च्या हिवाळ्यात त्या गेल्या. तारा तशाच राहिल्या.

"त्या तारा आईने लावलेल्या आहेत," एवढे एकच वाक्य हे बोलत. त्यापुढे वाद कसला घालायचा?

दिवस गेले. लेक गिटारबरोबर गाणेही शिकू लागली. मोबाइलमधला तंबोरा लावून रियाझ करी. एकदा तिच्या गुरूंनी सांगितले, "घरात खरा तंबोरा असताना यंत्र कशाला?" तिने गवसणी काढली, खुंट्या पिळल्या, मणी वरखाली सरकवले, जवारीचे दोरे हलवून पाहिले. तास गेला, तंबोरा काही बोलेना. पार्ल्याची दमट हवा आणि पाच-सहा पावसाळे. पोलादी तारांवर तांबूस ठिपके पडले होते, पितळी तार काळवंडली होती.

गिटारची तार मंदावली तर निदान गाणे चालते. तंबोऱ्याचे तसे नाही. तंबोऱ्याचे सगळे मोलच उपस्वरांत. त्याची घोडी रुंद आणि किंचित बाकदार असते. तार तिच्यावर अलगद घासत कंप पावते, आणि दोऱ्याने ते घासणे नेमके साधले की जवारी बोलते. सर सी. व्ही. रामन ह्यांनी १९२१ साली ह्यावर निबंध लिहिला होता. तार जिथे छेडावी तिथे ज्या उपस्वराचे कंपन शून्य, तो उपस्वर एरवी उमटू नये. पण तंबोऱ्यात तोही खणखणीत उमटतो, ही ह्या घोडीची करामत. खर्ज छेडला की पाचपट कंपनांचा जो उपस्वर वर तरंगतो, तो म्हणजे गंधार. गंधाराची तार तंबोऱ्यावर नसतेच; तरी तो ऐकू येतो. गवई त्याला स्वयंभू गंधार म्हणतात.

आई तंबोरा जुळवताना लहानग्या मुलींना विचारीत, "आला का ग गंधार?" हा प्रश्न ह्यांनी लहानपणापासून रोज दुपारी ऐकलेला.

त्या रात्री जेवणे झाल्यावर मी तंबोरा ह्यांच्यासमोर ठेवला आणि म्हटले, "तुम्हीच छेडा. आईंचा गंधार येतो का, तेवढे सांगा."

ह्यांनी खर्ज छेडला. कान दांडीला लावून पुन्हा छेडला. बराच वेळ छेडत होते. मग गवसणी न घालताच तंबोरा भिंतीशी टेकून ठेवला आणि झोपायला गेले. सकाळी चहा घेताना माझ्याकडे न बघता म्हणाले, "मिरजेला फोन करून विचार, त्यांच्यापैकी कुणी मुंबईत येणार आहे का."

कारागीर आले ते २०२५ च्या श्रावणात. वय साठीचे, बोलणे मोजके. त्यांनी आधी घोडीवर नख फिरवले. "ताई, तार बदलून भागणार नाही. तारेनं घोडीत रेघ पाडलीय. जवारीपण काढावी लागंल." एक तार उतरवायची, तिच्या जागी नवी चढवायची, मगच दुसरीला हात लावायचा, सगळा ताण एकदम उतरवायचा नाही, असे त्यांनी लेकीला समजावले. मग कानशीने अलगद घासणे, बारीक पॉलिशकागद फिरवणे, छेडून ऐकणे, पुन्हा घासणे. सारी दुपार गेली. शेवटी खर्जाची तार उतरली, तेव्हा हे जवळ येऊन उभे राहिले. कारागिरांनी काही न विचारता तिचे नीट वेटोळे केले, दोऱ्याने बांधले आणि ह्यांच्या हातात दिले. अशी वेटोळी त्यांनी अनेक घरांत अनेकांच्या हातात दिली असावीत.

नवी तार पहिले काही दिवस उतावळी असते. ताणली जाते, उतरते, पुन्हा जुळवा. आवाजही जरा कर्कश. "आईची अशी नव्हती," हे एकदा बोललेच. पण आठवड्याने तारा बसल्या. एका संध्याकाळी लेक रियाझाला बसली होती, मी कुकर लावत होते आणि हे वर्तमानपत्र वाचत होते. ह्यांनी वर्तमानपत्र खाली ठेवले. स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन मला हळूच म्हणाले, "आला."

ती जुनी खर्जाची तार आईंच्या गाण्याच्या वहीत आहे, जिथे त्यांच्या हातच्या चिजा आहेत तिथेच. नव्या तारांची तारीख लेकीने चिठ्ठीवर लिहून गवसणीच्या खिशात घातली आहे. तुमच्याही घरी कुठले तारवाद्य असेल, तर एवढे करून ठेवा. वाजवण्याआधी हात धुवावे, वाजवून झाले की सुती कोरड्या फडक्याने तारा पुसाव्या, पावसाळ्यात वाद्य खिडकीपासून दूर ठेवावे. रोजच्या वापरातल्या तंबोऱ्याच्या तारा वर्षभराने तरी तपासाव्या, आणि ठिपके दिसले की तुटायची वाट पाहू नये.

आमच्याकडे पुसायचे काम ह्यांनी आपल्याकडे घेतले आहे. रियाझ संपला की फडके घेऊन बसतात. पहिल्या तीन तारा झटपट होतात; चौथीला जरा वेळ लागतो.