पाव फेरा

साखरेच्या आजाराने माझ्या उजव्या हाताच्या बोटांची टोकं बधिर केली. चहाचा ग्लास पोळतोय हे उशिरा कळायचं, त्याचं मला काही वाटलं नाही. पण गेल्या पावसाळ्यात इंजिनाचं हेड आवळताना बोल्ट कळेनासा झाला, आणि झोप उडाली.

हेड उतरवणं हे अंगमेहनतीचं काम. पाणी सोडा, नोझल काढा, टॅपेटचं सगळं खोलून पुश रॉड ओळीने लावून ठेवा, चेन पुली अडकवा, उचला. त्यात नाव कमावण्यासारखं काही नाही. नाव होतं किंवा जातं ते बसवताना, आणि बसवण्यातही आवळताना. सहा सिलिंडरच्या टाटा कमिन्सला एकच अख्खं हेड आणि त्याला 26 बोल्ट. मधून सुरुवात करून बाहेर जायचं, टप्प्याटप्प्याने कसायचं, हे पान्याला हात लावणाऱ्या कुठल्याही पोराला ठाऊक असतं. मला आयुष्यभर छळलं ते वेगळ्याच गोष्टीने. आवळलेला बोल्ट आतून खरोखर किती ताणला गेलाय?

टॉर्क रेंच ते सांगतो, अशी सगळ्यांची समजूत आहे. रेंच फक्त आपण लावलेला जोर सांगतो. त्या जोरातला जवळजवळ निम्मा बोल्टाच्या डोक्याखालच्या घर्षणात जिरतो, चाळीसेक टक्के आट्यांमध्ये जिरतो, आणि बोल्ट ताणायला उरतो तो जेमतेम दहावा हिस्सा. आटे जरा गंजके निघाले, एकात तेल जास्त लागलं, दुसऱ्यात वाळूचा कण राहिला, की आकडा तोच, ‘कट्’ असा आवाज तोच, आणि खालचा दाब मात्र भलताच. 26 च्या 26 बोल्टांनी कट् म्हटलं म्हणजे 26 ठिकाणी सारखा दाब बसला असं नव्हे. आणि हेडखालच्या पॅकिंगला आकड्याशी देणंघेणं नाही, त्याला दाब हवा.

म्हणून पाव फेऱ्याची रीत आली. आधी रेंचने ठरल्याइतकं आवळायचं, मग आकडा विसरून प्रत्येक बोल्ट 90 अंश फिरवायचा. 12 एमएमच्या साध्या बोल्टाचा एक आटा पावणेदोन एमएमचा. पाव फेरा म्हणजे अर्ध्या एमएमपेक्षा थोडं कमी. आटे कोरडे असोत नाहीतर तेलकट, तेवढ्या फेऱ्यात बोल्ट तेवढाच आत जातो. पॅकिंग आणि हेड दबतं ते सोडून बाकी सगळा ताण बोल्टावर. हिशेब इतका सरळ आहे की मला तो लगेच पटला, आणि पटला म्हणून राग आला.

राग का, तेही सांगतो. टाटाच्या 697 इंजिनाच्या जमान्यात, म्हणजे सहा सिलिंडर आणि 97 एमएमचा बोअर, हायवेवरच्या गॅरेजात टॉर्क रेंच असायचा कुणाकडे? लांब दांड्याचा पाना आणि आपला हात. खंबाटकी घाटाच्या पायथ्याशी माझ्या हाताचं नाव होतं. हेड आवळायची वेळ आली की मी घड्याळ काढून खिशात ठेवायचो, बाह्या दुमडायचो, आणि ड्रायव्हर-क्लीनर भोवती जमलेत ना हे डोळ्याच्या कोपऱ्यातून बघूनच सुरुवात करायचो. नंतर कुणाकडून तरी रेंच मागवून म्हणायचो, घ्या, तपासा. आकडा जवळपास जुळायचा. लोक माना डोलवायचे. तपासायला मी नेहमी पुढचेच बोल्ट दाखवायचो. मागे केबिनखाली अंग वाकडं करून आवळलेल्या दोन-चार बोल्टांबद्दल माझा मलाच भरवसा नसायचा, आणि तिथे रेंच घालायचे कष्ट प्रेक्षकांतलं कुणी घेत नसे.

तरी हात खोटा नव्हता. चांगला बोल्ट बसताना पाना हातात एकसारखा जड होत जातो. आट्यांत घाण असेल तर तो करकरत, अडकत-सुटत फिरतो. आणि बोल्ट आधीच जास्त ताणलेला असेल तर पाना फिरत राहतो पण जड व्हायचा थांबतो. तो बोल्ट संपला. ही शेवटची गोष्ट बोटांना कळते, आणि माझ्या बोटांना कळायचं थांबलं होतं.

आता आवळायचं काम माझ्या हाताखालचा पोरगा करतो. आयटीआयला डिझेल मेकॅनिक केलेला. अंश मोजायची चकती लावतो, शिवाय प्रत्येक बोल्टाच्या डोक्यावर खडूने रेघ मारतो. मी स्टुलावर बसून विचारायचो, “कसा वाटला रे?”

“90 झाले, तात्या.”

“ते झाले. वाटला कसा?”

“90 झाले की!”

माझ्या प्रश्नाचा अर्थच त्याला लागत नसे. मग दिवाळीच्या आसपास एका ट्रकच्या हेडवर तो मध्येच थांबला. पाव फेरा अजून पुरा व्हायचा होता. म्हणाला, “तात्या, हा हलका लागतोय.” बोल्ट काढला, लांबीच्या पट्टीत घातला, तर मर्यादेच्या बाहेर. फेकून दिला, नवा घातला. मी शाबास म्हणालो, पण आत हेवा वाटला, हे लिहून टाकतो.

हल्ली कित्येक गॅरेजांत हेडच्या बोल्टांना हवेची गन लावतात. चाकाचे नट सोडायची गन! खड्‌खड्‌ करत दोन मिनिटांत आवळून मोकळे. फेसिंगवाल्यांचं तर बोलायलाच नको. हेड किती वाकलंय ते पट्टी आणि फीलर गेज लावून न बघताच ‘जरा साफ करून देतो’ म्हणत मशीनवर चढवतात. दर वेळी थोडं थोडं खाल्लेलं ते हेड शेवटी व्हॉल्व्ह पिस्टनच्या अंगावर नेऊन ठेवतं. शहाणे म्हणवणारे काही मिस्त्री पॅकिंगच्या दोन्ही अंगांना सिलिकॉन फासतात. कोरडंच बसवायचं असं पाकिटावर छापलेलं असतं, ते वाचायची तसदी कोण घेणार?

सगळ्यात जास्त चीड मला थर्मोस्टॅट काढून फेकणाऱ्यांची येते. ‘गाडी गरम होते, थर्मोस्टॅट काढून टाक’ हा सल्ला हायवेवर फुकट मिळतो. तो काढला की कित्येक इंजिनांत बायपास उघडाच राहतो, आणि बरंचसं पाणी रेडिएटर टाळून तसंच परत इंजिनात जातं. सपाटीला जमून जातं. साताऱ्याकडे जाणारा भरलेला ट्रक घाट चढायला लागला की उकळतो. मग क्लीनर कॅन घेऊन धावतो आणि तापलेल्या बिडाच्या इंजिनात गार पाणी ओततो. त्यानंतर गाडी माझ्याकडे येते.

आलेल्या गाडीचं जुनं पॅकिंग मी लगेच फेकू देत नाही. उन्हात धरून बघतो. सिलिंडरभोवतीच्या कड्याचा ठसा सगळीकडे सारखा चकचकीत असेल तर दाब बरोबर होता, दोष दुसरीकडे शोधायचा. दोन सिलिंडरांच्या मधल्या अरुंद पट्टीत ठसा फिका पडलेला आणि त्यावरून काजळीचा काळा फराटा गेलेला दिसला, की तिथूनच गॅस पळालाय. मग त्या फराट्याच्या शेजारचे दोन बोल्ट हातात घ्यायचे. बहुधा त्यांपैकी एकाचे आटे कोरडे लाल असतात, किंवा त्याच्या भोकात तळाशी काळा चिखल सापडतो. खाली बंद असलेल्या भोकात तेल किंवा पाणी साठलं असेल तर बोल्ट उतरताना ते दबत नाही. बोल्ट त्या पाण्यावरच टेकतो, रेंच वेळेआधी कट् म्हणतो, आणि आवळणाऱ्याला वाटतं झालं. जोर जास्त झाला तर ब्लॉकलाच तडा. पाव फेऱ्याची रीतही इथे फसते, कारण फेरा मोजायला सुरुवातच चुकीच्या जागेवरून होते.

म्हणजे अडचण आहे तिथेच आहे. हाताचा अंदाज गेला, रेंच आला. रेंचवरचा विश्वास गेला, अंश आले. बोल्टाच्या पोटात काय चाललंय ते अजूनही बाहेरून दिसत नाही. मोठ्या कारखान्यांत बोल्टाची लांबी ध्वनिलहरींनी मोजतात. घाटाच्या पायथ्याला ते यंत्र यायचं नाही.

या दिवाळीनंतर आमच्याकडे वाटणी झाली आहे. आवळायचं त्याने, भोकं पुसायची मी. बारीक तारेला चिंधी गुंडाळून आत घालतो, ती कोरडी निघेपर्यंत बदलत राहतो, मग बॅटरी मारून तळ बघतो. या कामाला बोटांचं टोक लागत नाही, डोळे लागतात, आणि ते मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर चांगले झालेत. पोरगा म्हणतो, कॉम्प्रेसरच्या हवेने एका मिनिटात होईल. होईलही. पण हेडच्या बोल्टांच्या त्या 26 भोकांना मी असेपर्यंत हवा मारू द्यायची नाही, असं मी त्याला बजावून ठेवलं आहे.